स्वयंपाकघरात बसवलेलं पद

बायका सवतीवर जळतात, जावेवर जळतात, नणंदेवर तर जळायचंच असतं. माझी गोष्ट जरा वेगळी होती. माझी सवत ह्यांच्याच अंगात शिरली होती, आणि तिला लुगडं नेसवायचं, चालायला शिकवायचं, गळ्यावर गाणं चढवायचं, हे सगळं माझ्याच गळ्यात पडलं होतं. सांगितलं तर लोक हसतील म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता हसायला कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते आहे.

महाराजांचं राज्य होतं. खासबागेजवळ त्यांनी बांधून घेतलेलं थिएटर तेव्हा नवंकोरं होतं. एका नाटक कंपनीनं मुक्काम हलवला की दुसरी येऊन दाखल व्हायची. हे शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवसभर गुळाच्या वासात उभं राहायचं आणि सुटलं की घरी न येता थिएटरच्या दाराशी जायचं, असा ह्यांचा क्रम. गोरेपान, दाढीमिशीचा जोर नाही, मान लांब, बोटं निमुळती. कोल्हापूर पडलं तालमींचं गाव, त्यामुळं असल्या रूपाची ह्यांना लहानपणापासून लाजच वाटत आलेली. गल्लीतले पैलवान ह्यांना ‘वैनी’ म्हणून हाक मारायचे. हे मान खाली घालून निघून जायचे.

त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला हे एकदा घरी आले ते धावतच. कंपनीतल्या एका स्त्रीपार्टी नटाचा आवाज फुटला होता. नायिकेच्या सखीचं काम रिकामं पडलं होतं, आणि दसरा झाला की मालक नव्या माणसांची परीक्षा घेणार होते.

“सखीला एक मोठं पद हाय,” हे म्हणाले. “ते म्हणून दाखवायचं, आणि नेसून, चालून दाखवायचं. जमलं तर कंपनीत घेत्यात.”

मला वाटलं, आता सासूबाई आकाशपाताळ एक करणार. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. लवकर विधवा झालेल्या, एकुलत्या एका मुलाच्या आधारानं घर ओढलेल्या. अब्रूला तर इतक्या जपणाऱ्या, की उंबऱ्यात उभं राहून भाजी घ्यायचीसुद्धा मला मुभा नव्हती. पण त्या उठल्या, ह्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून ह्यांच्या डोक्यावरून पदरासारखं घेतलं, आणि हनुवटी धरून बघत राहिल्या.

“माझ्या आयसारखा दिसतोयस की रं,” म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला. झालं. परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांची लोखंडी पेटी उघडली. तिच्यात त्यांचा लग्नातला शालू होता, अंजिरी रंगाचा, जरीचा. नथ होती, सात मोत्यांची. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. गौरी, हळदीकुंकू, दसरा, भावाचं लग्न, प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज पेटी उघडेल. प्रत्येक वेळी आत्याबाई म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे गं, जुनं झालंय ते, फाटंल.” आता तो शालू फाटायची भीती कुठं गेली कोण जाणे. त्यांनी तो उलगडून ह्यांच्या छातीला लावून पाहिला. नथीचं तर विचारूच नका. माझं नाक टोचलेलं होतं आणि त्यात कडुनिंबाची काडी होती. ह्यांचं नाक टोचलेलं नाही म्हणून आत्याबाई स्वतः गुजरीत जाऊन सोनाराकडून त्या नथीला चाप बसवून आल्या.

मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. हात इतक्या जोरात पडत होते की आत्याबाईंनी विचारलं, “भाकरी थापतीयास का वैरी बडवतीयास?”

नेसवायचं काम माझ्याकडं आलं. पुरुषाला नऊवारी नेसवणं म्हणजे खांबाला गुंडाळणं. कमरेला बाक नाही, निऱ्या खोचाव्यात तर पोट आत घ्यायचं माहीत नाही, काष्टा घातला की हे पैलवानासारखे पाय फाकून उभे राहणार. मी चिडायचे, सोडायचे, परत नेसवायचे. पण आठवड्याभरात ते अंगावर बसलं. आणि मग ह्यांनी चालायला सुरुवात केली.

चालणं शिकव असं ह्यांनी मला कधी म्हटलं नाही. हे नुसते बघायचे. मी पाणी आणायला उठले की बघायचे, वळले की बघायचे. मला वाटायचं, नवरा बघतो आहे. लाजायचेसुद्धा मी वेडी. एक दिवस हे माजघरातून स्वयंपाकघरात आले ते उंबऱ्यापाशी किंचित थांबून, डाव्या हाताच्या चिमटीत निऱ्या धरून, आधी मान वळवून आणि मग पाऊल टाकून. ती माझी चाल होती. मी अशी चालते हे मला तोवर माहीतही नव्हतं. आणि जे माझ्या अंगावर कुणाला कधी दिसलं नव्हतं, ते ह्यांच्या अंगावर बघायला शेजारच्या दोघीतिघी परसदारानं आल्या.

“अगं बाई,” त्यातली एक आत्याबाईंना म्हणाली, “सुनंपरीस लेकच नक्षत्रावानी हाय की तुमचा!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या रात्री आमटीत मीठ दोनदा पडलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. खा म्हटलं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. रूप देवानं दिलेलं, शालू सासूचा, त्यात माझं काय गेलं? खरा जीव अडकला होता तो पदात.

ते नाटक मी पाहिलेलं होतं. थिएटरात बायकांसाठी वर मागच्या बाजूला वेगळा सज्जा होता, पुढं बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा. त्यातून आम्हाला रंगभूमी दिसायची आणि आम्ही कुणाला दिसत नसू. दुसऱ्या अंकात सखी नायिकेची समजूत घालते, रडू नको, येतील ते, वाटेवर दिवा ठेव, असं काहीसं ते पद. मला ते एका ऐकण्यात पाठ झालं, शब्दांसकट, जागांसकट. ह्यांनी तेच नाटक कितीदा तरी पाहिलं होतं, पण अंतऱ्याची वर जाणारी तान ह्यांना काही सापडत नव्हती. मी तांदूळ निवडता निवडता ती सहज गुणगुणले. हे जेवता जेवता थांबले.

“तुला येतंय?” हे म्हणाले. “मग शिकीव की मला.”

मला गाणं येणारच. माझे वडील गारगोटीला शाळामास्तर. घरात दर गुरुवारी भजन. भावंडांत मी एकटी मुलगी, पण गळा माझा सगळ्यांत मोठा. टाळ-मृदंग कितीही घुमोत, माझा आवाज वरून निघून जायचा. वेदगंगेच्या पलीकडच्या रानात भाऊ गुरं घेऊन गेले की त्यांना हाक मारायला मला पाठवायचे. वडील आल्या-गेल्या पावण्याला सांगायचे, आमच्या लेकीची हाक नदी ओलांडून जाते. मुलीचं असं कौतुक करणारे बाप तेव्हा थोडे होते.

लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि पहिल्याच आठवड्यात भांडी घासताना तोंडातून अभंगाची ओळ गेली. आत्याबाई धावतच परसात आल्या.

“अगं हळू! गल्लीत दवंडी पिटायची हाय का? सुनंचा आवाज उंबऱ्याच्या भाईर जायाचा न्हाय.”

काही वाईट मनानं बोलल्या नाहीत. रिवाजच तसा होता. मी गाणं काही सोडलं नाही, ते खाली आणलं. चुलीपाशी, जात्यापाशी, ओठातल्या ओठात. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही वाटावं की ही स्वतःशी काहीतरी बडबडते आहे, इतपत.

पद शिकवलं तेही तसंच. हे अडतीवरून आले, हातपाय धुतले की चुलीजवळ पाटावर बसायचे. मी भाजी चिरायचे आणि एकेक ओळ सांगायचे. आत्याबाई दाराशी बसून गल्लीकडं कान लावायच्या. माझा आवाज जरा वर चढला की त्यांची बोटं उंबऱ्यावर वाजायची, टकटक. ह्यांनाही मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. दिवाणजी नाटकात जातोय हे अडतीच्या मालकाला कळलं असतं तर परीक्षेआधीच घरी बसायची पाळी आली असती. पण खरं सांगायचं तर ह्यांना मोठ्यानं म्हणावंसं वाटलंच नाही. मी जसं म्हणायचे तसं हे उचलायचे, पोपटासारखं. कुठं श्वास घ्यायचा, कुठं स्वर ओठांआड धरायचा, कुठं शब्द अर्ध्यावर सोडायचा. ह्यांना वाटलं, हा हळूपणा म्हणजेच बाईचं गाणं.

“बाईमाणूस असंच गातंय,” आत्याबाईही म्हणायच्या. “ऐकाय कसं गोड लागतंय बघ.”

आणि लागायचंच गोड. नवरात्र येईतो ह्यांच्या गळ्यात ती तान अशी बसली की मी सुरी खाली ठेवून ऐकायचे. मग मला राग यायचा. कष्ट माझे, जागा माझ्या, आणि उद्या थिएटरात टाळ्या ह्यांना. त्या रंगभूमीवर उभं राहायला मी काय कमी होते? मला शालू नेसता येत होता, जन्मतःच येत होता. मला चालता येत होतं, ह्यांनी चोरली ती चाल माझीच. आणि ह्यांच्या गळ्याचं काय सांगता, मी तोंड उघडलं असतं तर सज्जासुद्धा हलला असता. पण मी बाई होते, म्हणून बाईचं काम मला मिळायचं नव्हतं.

तरी सकाळी देवापुढं दिवा लावताना मी अंबाबाईला हेच सांगायचे की ह्यांना घेऊ देत. कारण ह्यांना घेतलं तर निदान ते पद तरी ऐकलं जाणार होतं. गळा कुणाचा का असेना. दिवा लावून झाला की वाटायचं, नको, नापास होऊ देत, आणि शालू परत पेटीत जाऊ दे. देवीला काय कळणार होतं, मलाच कळत नव्हतं.

परीक्षा दुपारी थिएटरातच होती. आत्याबाईंनी जाहीर केलं, “शालू जाईल तितं मी जाणार.” त्या जाणार म्हणजे त्यांच्यासोबत मी जाणार, आणि नेसवायलाही मीच हवी होते. टांगा केला, पडदा लावला. रंगपटातली माणसं घरंदाज बायका आल्या म्हणून अदबीनं बाहेर गेली. तिथं भिंतीएवढा आरसा होता. एवढा मोठा आरसा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी ह्यांना नेसवलं, नथ चापली, कंपनीचा टोप चढवून त्याच्या अंबाड्यावर वेणी माळली आणि मागं सरले. आरशात एक थोरामोठ्यांची सून उभी होती, आणि तिच्यामागं विटक्या लुगड्यातली तिची मोलकरीण. हे आरशात बघून हसले, आणि ते हसणं मला नव्हतं, आरशातल्या त्या सुनेला होतं. इतका जळफळाट मला पुन्हा आयुष्यात कधी झाला नाही.

आम्ही दोघी सज्ज्यात जाऊन चिकाआड बसलो. आमच्या बरोबर खाली, अगदी शेवटच्या रांगेत, कंपनीचे मालक बसले होते. जाडजूड माणूस, तोंडात पान, बोलणं असं की भिंती हादराव्यात. हे रंगभूमीवर आले. पेटीवाल्यानं सूर दिला. वाटलं, आता ऐका म्हणावं, चुलीपाशी बसवलेलं पद आहे.

पेटी वाजत होती. हे पदर सावरून उभे होते, ओठ हलत होते. बराच वेळ तसंच चाललं.

“सुरू झालं व्हय गं?” आत्याबाईंनी माझ्या कानात विचारलं.

सुरू कधीच झालं होतं. ह्यांच्या हनुवटीवरून मला कळत होतं, आता धृपद संपलं, आता अंतरा. पण आमच्यापर्यंत एक अक्षर येत नव्हतं. तेवढ्यात खालून मालक ओरडले.

“पेटी थांबवा! पावणं, तुमी गाताय न्हवं? का मनात म्हणताय?”

पिटात बसलेली दोनचार माणसं हसली. ह्यांनी काहीतरी उत्तर दिलं, तेही ऐकू आलं नाही.

“अवो, हितं शेवटच्या रांगंतला गडी पैसं देऊन बसतोय. त्याला ऐकू याय नगं? मोठ्यानं म्हणा.”

पुन्हा सूर दिला. ह्यांनी जोर लावला. पहिली ओळ आली, दुसरी आली, आणि अंतऱ्याच्या वरच्या स्वरावर आवाज चरकन फाटला, ओलं फडकं फाटावं तसा. हसणारी माणसं या वेळी हसली नाहीत, ते जास्त वाईट होतं. मी चिकाची काडी मुठीत धरली होती. मनात म्हणत होते, अहो तिथं नाही, पोटातून, पोटातून काढा. मी असते तर काढला असता. मला हेच वाटत होतं, मी असते तर.

मालकांनी ह्यांना खाली बोलावलं, रंगभूमीवरून शेवटच्या रांगेपर्यंत चालत यायला सांगितलं. हे आले. पायरीपाशी किंचित थांबून, चिमटीत निऱ्या धरून, आधी मान वळवून. आता हे आमच्या पायाखालीच उभे होते आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“चाल कुटनं आणली ही?” मालक म्हणाले. “माझ्या कंपनीत एकाला अशी जमत न्हाय.”

“निरीक्षण,” हे म्हणाले. “बघून बघून उचलली.”

“आणि गाणं कुणाकडं शिकला?”

“घरीच.”

“दिसतंयच. जागा सगळ्या बरोबर हायत, त्यात खोट न्हाय. पण हे दार लावून घेटलेलं गाणं हाय. थेटरात चालायचं न्हाय.” मालकांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “असं करा, बिनपदाची कामं घ्या. राणीच्या मागं उभं ऱ्हायाचं, आत यायाचं, भाईर जायाचं. रूप हाय, चाल हाय. गाण्याचं इसरा.”

ह्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. चाल ह्यांनी बघून उचलली, आणि फसलेलं गाणं तेवढं घरी शिकलेलं. मला तिथून खाली उडी मारावीशी वाटली.

हे आनंदात कंपनीच्या बिऱ्हाडी जेवायला थांबले. आम्ही दोघी टांग्यातून घरी आलो, मांडीवर शालूचं बोचकं. घरी आल्यावर आत्याबाई पाणी प्याल्या आणि माझ्याकडं वळल्या.

“मला मेलं एक अक्षर ऐकू आलं न्हाय. तू त्याला मोठ्यांदा का न्हाय शिकवलंस?”

तीन वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “तुम्हीच म्हणत होता ना, हळू, हळू?”

“ते तुला. त्याला कुठं?”

“मला मोठ्यानं येतंय, आत्याबाई. मी असते ना तिथं, तर शेवटच्या रांगेतच काय, बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेलं असतं.”

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण त्या उठल्या, परसदार उघडलं, पुढचं दारही सताड उघडलं आणि येऊन पाटावर बसल्या.

“म्हण,” म्हणाल्या. “गल्लीनं ऐकलं तरी चालंल. आज म्हण.”

मी पदर खोचून उभी राहिले. एवढे दिवस आतल्या आत जे उकळत होतं ते सगळं आता बाहेर येणार म्हणून माझे कान गरम झाले होते. धृपद चांगलं गेलं. अंतरा घेतला, वर गेले, आणि आवाज फाटला. ह्यांचा फाटला तिथंच, तसाच. मला वाटलं, घाईत झालं. खाकरले, खालचा सूर धरला, पुन्हा गेले. या वेळी फाटलासुद्धा नाही, वर पोचलाच नाही. आत्याबाईंनी उठून पाणी आणून दिलं. “घसा साफ कर,” म्हणाल्या, मऊ आवाजात. मी तिसऱ्यांदा म्हटलं. स्वर माजघरापर्यंत गेला असेल नसेल. गल्लीतून कुणी मान वळवून पाहिलंही नाही.

आत्याबाई गेल्या आणि दोन्ही दारं लावून आल्या. “सवय ऱ्हायली न्हाय,” म्हणाल्या, आणि चुलीत काटक्या घालायला बसल्या.

हे पुढं बरीच वर्षं कंपनीत होते. राणीच्या मागं उभे राहायचे, आत यायचे, बाहेर जायचे. कंपनी कोल्हापुरात आली की मी सज्ज्यात जाऊन बसायचे. शेजारच्या बायका ह्यांच्या रूपाचं, चालीचं कौतुक करायच्या, आणि मी ते निमूट ऐकायचे. आत काहीच पेटायचं नाही. जळत होते तेव्हा निदान माझी चीज कुणीतरी नेली असं वाटत होतं. ती आता माझ्याकडंही नव्हती.